साठ पिशव्या आणि एक सही

२३ डिसेंबर २०२३, शनिवार. आमच्या मंडळीच्या, म्हणजे ठाण्यातल्या आमच्या मराठी चर्चच्या, खर्चवहीत त्या दिवसाची नोंद अशी आहे: शिधा पिशव्या ६०, दर ८८० रुपये, एकूण ५२,८००. टेम्पो २,५००. पिशव्यांवर मंडळीचं नाव छापण्याचे १,८००. फ्लेक्स ९००. पोरांचा चहा-वडापाव ३,०००. एकंदर ६१,०००. अक्षर माझं आहे. मी तेव्हा खजिनदार होते, अजूनही आहे, कारण हे काम दुसरं कुणी मागत नाही.

पुढच्या वर्षभरात या साठ पिशव्यांचं काय झालं आणि त्यात आमच्या हातून काय चुकलं, ते लिहून काढायला पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, सांगितलं. इतर मंडळ्यांनाही उपयोग होईल, असं त्यांचं म्हणणं. ज्यांच्यापासून हे सगळं सुरू झालं त्या वहिनींना मी हा मजकूर आधी वाचून दाखवला. त्यांनी दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली. ओळखीच्या खुणाही बदलल्या आहेत.

आम्ही कोण

ठाण्यात ख्रिस्ती म्हटलं की लोकांना तलावपाळीजवळचं पोर्तुगीज काळापासूनचं सेंट जॉन चर्च आठवतं. बोलणारा थोडा जाणकार असेल तर तो ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या कॅथलिक, लोकांबद्दल विचारतो. आम्ही त्यातले नव्हे. आम्ही नगर, जालना, सांगली-मिरजेकडून आलेली माणसं. साठच्या दशकात वागळे इस्टेटीत कारखाने उभे राहिले तेव्हा आमचे वडील-चुलते फिटर, टर्नर, हेल्पर म्हणून आले. बायका मिशनच्या दवाखान्यांत नर्सिंग शिकलेल्या होत्या, त्या सरकारी आणि पालिकेच्या इस्पितळांत लागल्या. आज मंडळीत साधारण दीडशे कुटुंबं आहेत. कारखाने गेले, त्या जागी काचेच्या इमारती आल्या. मुलं त्या इमारतींत बसतात, नाहीतर रबाळे-महापेला जातात.

रविवारी साडेआठला मराठी उपासना, नंतर चहा आणि त्याहून लांबलेल्या गप्पा. बुधवारी महिला मंडळ, शुक्रवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना सभा आणि मागाहून पोहे. मुलीच्या लग्नातल्या पुऱ्या लाटण्यापासून मयताची पेटी ठरवण्यापर्यंत सगळ्याला मंडळी लागते. बाहेरच्यांना वाटतं चर्च म्हणजे रविवार. आम्हाला रविवार हा आठवड्यातला सगळ्यात कमी चर्च असलेला दिवस वाटतो.

पैसा येतो तो रविवारच्या थाळीतून, दशांशाच्या पाकिटांतून, आणि नोव्हेंबरात कापणीच्या सणातून. हा सण ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते. गावाकडे शेतातलं पहिलं पीक देवापुढे आणायची रीत होती. ठाण्यात शेत कुठलं? मग कुणी गॅलरीतल्या कुंडीतल्या मिरच्या आणतं, कुणी नातलगांकडून मागवलेली ज्वारी, कुणी पुरणपोळ्या, कुणी जिवंत कोंबडा पाय बांधून. उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो. बोली लावणारा आमचा निवृत्त एसटी कंडक्टर. पाव किलो मिरच्या चारशेला जातात. घेणारा त्याच परत टेबलावर ठेवतो, त्या पुन्हा तीनशेला जातात. २०२३ साली एका बाईंच्या गॅलरीतला दुधी अकराशेला गेला आणि परत येऊन सातशेला गेला. एकमेकांवर कुरघोडी करत दान करायची ही सोय आमच्या पूर्वजांनी फार हुशारीने केलेली आहे. बायबल सांगतं, उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये. लिलावात मात्र ते अख्ख्या अंगणाला कळतं, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. साठ पिशव्यांचा बराचसा पैसा याच अंगणातून आला होता.

पिशव्या वाटायला सुरुवात २०२० च्या टाळेबंदीत झाली. तेव्हा ती खरी गरज होती. कंत्राटी कामगार घरात अडकले होते, मोरीवर पाण्यासाठी भांडणं होत होती, आणि आमच्या तरुण संघाची पोरं पोलिसांचे पास काढून डाळ-तांदूळ पोचवत होती. त्यांचं कौतुक मी आजही करते. पण टाळेबंदी उठली तरी पिशवी राहिली. ती नाताळची प्रथा झाली, तिला फ्लेक्स लागला, मग छापलेली पिशवी लागली.

त्या शनिवारी

जागा कळव्याच्या पूर्वेला, पारसिकच्या डोंगरउतारावरची वस्ती. पावसाळ्यात इथे दरड कोसळण्याची भीती असते. जुलै २०२१ मध्ये घोलाईनगरात दरड पडून माणसं गेली होती. वर जायला पायऱ्या आहेत, पण त्या कुठे सुरू होतात आणि कुठे कुणाच्या ओट्यात शिरतात ते तिथे राहणाऱ्यालाच कळतं. टेम्पो खालीच थांबतो. म्हणून वाटपही खालीच, रस्त्याच्या कडेला टेबल टाकून.

साठ टोकनं आधीच वस्तीतल्या एका कार्यकर्त्याकडे दिली होती. कुणाला द्यायची ते त्याने ठरवलं. प्रत्यक्षात ऐंशीच्या वर माणसं जमली. पोरं फ्लेक्सपुढे उभं राहून एकेकाच्या हातात पिशवी देत होती आणि फोटो काढले जात होते. मी टेबलाशी मान खाली घालून वही भरत होते: टोकन क्रमांक, नाव, सही किंवा अंगठा. कुणाचं तोंड बघायला सवड नव्हती, आणि खोकला-सर्दीचे दिवस म्हणून पुष्कळांच्या तोंडाला मास्क होता. शेवटी वीस-पंचवीस माणसं रिकाम्या हाताने परत गेली. एक म्हातारी जाताना म्हणाली, "मागच्या वर्षी पण नव्हतो आम्ही यादीत." मी म्हटलं, पुढच्या वेळी बघू. हे वाक्य खजिनदाराच्या तोंडी फार लवकर येतं.

संध्याकाळी घरी वही जुळवत होते. अंगठ्यांचे डाग, कशाबशा केलेल्या सह्या. त्रेपन्नाव्या ओळीत एक सही होती, ठसठशीत, 'ल' चा पाय मागे ओढून खाली नेलेला. नाव वेगळंच होतं. पण ही सही मी दर महिन्याला बघते. महिला मंडळाच्या वर्गणीच्या वहीत, वीस रुपयांपुढे. एकही महिना न चुकलेली. शेवटून तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या, नवरा जाऊन सहा वर्षं झालेल्या आमच्या वहिनी.

म्हणजे आमच्याच मंडळीची बाई खोट्या नावाने आमच्याच रांगेत उभी राहून आमचीच पिशवी घेऊन गेली, आणि मी तिच्यापुढे वही सरकवली होती.

माझी चूक

इथे मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर पाळकबाईंना बाजूला घेऊन सांगितलं. हेतू चांगला होता, पण चुकांच्या मागे बहुतेक तोच असतो. पाळकबाईंनाही राहवलं नाही. नाताळ झाल्यावर त्या मंडळाच्या दोघी बायकांना घेऊन वहिनींकडे 'सहज भेटीला' गेल्या, हातात पिशवी. वहिनी दारातच म्हणाल्या, "तुम्हाला कुणी पाठवलं?" आणि कुणी उत्तर द्यायच्या आत दार लागलं.

त्यानंतर पाच रविवार तो बाक रिकामा होता.

त्याच काळात सिस्टर एकटी गेली. सिस्टर म्हणजे आमच्या मंडळीतली निवृत्त परिचारिका, मिरजेला शिकलेली. तिच्या शिक्षणात वानलेसवाडीच्या क्षयरोग इस्पितळाचे वॉर्ड होते, त्यामुळे तिची नजर आधी खिडकीकडे जाते, मग फळीवर. वहिनींच्या फळीवर डब्यामागे लाल-तांबूस गोळ्यांची पाकिटं होती. तिने काही विचारलं नाही. वहिनींनीच सांगितलं. थोरल्या मुलाला नोव्हेंबराच्या अखेरीस टीबी निघाला. वय चोवीस, रबाळ्याला मालाची चढ-उतार करायचा. कंत्राटी काम, गैरहजर तर पगार नाही. धाकटीचं लग्न जुळत आलेलं. मंडळीत कळलं तर सोयरिकीपर्यंत जायला दोन रविवार पुरतील. म्हणून दुसऱ्या नावाने रांगेत.

परत येऊन सिस्टर मला जे बोलली ते मी इथे जसंच्या तसं देते: "तू बँकेत पस्तीस वर्षं काढलीस. खातेदाराची सही ओळखू आली की गावभर सांगायचीस का?"

पंचांची बैठक

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या जानेवारीच्या बैठकीत सिस्टरने विषय मांडला तो नाव न घेता. ती म्हणाली, साठ घरांना एकदा द्यायचं सोडा, सात घरांना सहा महिने द्या. टीबीच्या रुग्णांना. सप्टेंबर २०२२ पासून सरकारची निक्षय मित्र योजना आहे. कुणीही, संस्था असो वा व्यक्ती, नाव नोंदवून रुग्णाला दर महिन्याला पोषणाची टोपली देऊ शकतं. रुग्णाची संमती लागते. साधा टीबी असला तर औषधं सहा महिने चालतात, तेवढे महिने टोपली.

बैठक तीन तास चालली. त्यातले दीड तास फोटोंवर गेले. तरुण संघाचा मुलगा म्हणाला, फोटो नाही टाकले तर देणग्या कुठून येणार? त्याचं म्हणणं निव्वळ पोरकट नव्हतं. त्याने टाकलेले फोटो पाहून आखातातल्या आमच्या लोकांनी खरोखर पैसे पाठवले होते. मला तिथे दुसरीच धास्ती. पाठवणारा भारतीय पासपोर्टवाला असेल आणि पैसे रीतसर बँकेतून आले तर ती परदेशी देणगी ठरत नाही. पण ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलं त्याचे पैसे परदेशी देणगीच्या कायद्यात येतात, आणि आमच्याकडे ती नोंदणी नाही. फोटो बघून कोण पैसे टाकेल ते फोटोला माहीत नसतं. मी हे सांगितलं तेव्हा बैठक जरा शांत झाली. कायद्याचा एवढा उपयोग असतो.

दुसरा मुद्दा खरा अवघड होता. एक ज्येष्ठ पंच म्हणाले, बाहेरच्यांना देतो ती सेवा, आपल्याच लोकांना दिलं तर ती वाटणी होईल. लगेच दुसऱ्या बाजूने, मग आधी आपल्याच लोकांना का नाही? हिशेब तपासणाऱ्या सीएंनी आम्हाला पूर्वीच बजावलं होतं की धर्मादाय कामावरची प्राप्तिकराची सवलत एकाच धर्माच्या माणसांपुरतं काम ठेवलं तर अडचणीत येऊ शकते. तेव्हा 'फक्त आपले' हा पर्याय नव्हताच. 'फक्त परके' हाही कुणी लिहून ठेवलेला नियम नव्हता. तो आपोआप झाला होता. मदत घेणारा म्हणजे डोंगरावरचा आणि देणारा म्हणजे बाकावरचा, असं आमच्या सगळ्यांच्या मनात बसलं होतं. बाकावरचाच डोंगरावर राहत असेल हे कुणाच्या मनात आलं नाही. खरं तर मंडळीतली अकरा कुटुंबं त्याच उतारावर राहतात. हे मला यादी काढल्यावर कळलं.

पाळकसाहेब तोवर गप्प होते. मग त्यांनी बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांतला सहावा अध्याय काढला. यरुशलेमेत पहिल्या मंडळीत रोजच्या वाटपावरून कुरकुर सुरू झाली. ग्रीक बोलणाऱ्यांचं म्हणणं, आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. तेव्हा वाटपासाठी सात जण निवडले. हा भाग आम्ही संडे स्कूलपासून ऐकतोय. पण पाळकसाहेबांनी जे दाखवलं ते मी पहिल्यांदा ऐकलं: त्या सातांची नावं वाचा, सगळी ग्रीक आहेत. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर... ज्यांची तक्रार होती, वही त्यांच्याच हातात दिली.

टोकनं वाटणारा कार्यकर्ता मला आठवला. आणि ती म्हातारी.

ठरलं ते असं. टोपलीच्या कामाच्या समितीत पाच जण. त्यातल्या दोघी उतारावरच राहणाऱ्या, एक आमच्या मंडळीतली, एक शेजारची बचतगटवाली मराठा बाई. रुग्ण मंडळीने निवडायचे नाहीत. टीबी केंद्रातून, ज्यांनी संमती दिली तेच यायचे. घरी जायचं ते दोघादोघांनी. ही दोघांची रीत मी माझ्या एका कॅथलिक मैत्रिणीकडून उचलली. त्यांच्या सेंट व्हिन्सेंट दी पॉल संस्थेची माणसं, पॅरिसला १८३३ साली ती सुरू झाली तेव्हापासून, गरिबाच्या घरी जोडीने जातात. एकटा माणूस गेला की चहा पिऊन उगाच वचनं देऊन येतो. फोटो नाही. पिशवीवर नाव नाही. कुणी म्हटल्याशिवाय प्रार्थना नाही. माझ्या वहीत नावं नाहीत, फक्त 'टोपली क्र. १' ते 'टोपली क्र. ७'. कुठला क्रमांक कुणाचा ते फक्त सिस्टरला ठाऊक. ही शेवटची अट तिने माझ्याकडे बघून घातली.

टोपली

सरकारने सुचवलेली मोठ्या माणसाची महिन्याची टोपली अशी: धान्य ३ किलो, डाळी दीड किलो, तेल पाव किलो, दूध पावडर किंवा शेंगदाणे १ किलो. जमल्यास वर तीस अंडी. आम्ही शेंगदाणे घेतले, ठाण्याच्या बाजारात चांगले मिळतात म्हणून. हिशेब: तांदूळ-ज्वारी १५०, डाळ २२५, तेल ४०, शेंगदाणे १५०, अंडी २१०. एकूण ७७५ रुपये. नाताळच्या पिशवीपेक्षा १०५ रुपयांनी कमी, पण पिशवीतल्या १० किलो तांदूळ-आट्याचं काय करत होतो आपण, हा प्रश्न मला तेव्हा पडला. जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षेच्या शिधापत्रिकेवर माणशी ५ किलो धान्य फुकट आहे. ज्यांचं कार्ड चालू आहे त्यांच्या घरात तांदूळ होता. नव्हती ती डाळ, तेल, अंडी. आम्ही त्यांना जे होतं तेच पुन्हा, रिबिनीसकट, देत होतो.

अन्नावर एवढा भर कशाला, औषध फुकट मिळतंय ना, असं मीही विचारलं होतं. सिस्टरने झारखंडच्या अभ्यासाचं सांगितलं. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. रुग्णाच्या घरच्या माणसांना सहा महिने-वर्षभर जादा धान्य-डाळ दिली तर त्यांच्यात टीबी होण्याचं प्रमाण जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटलं. आणि रुग्णाचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढलं तर मृत्यूचा धोका साठ टक्क्यांच्या आसपास कमी दिसला. म्हणजे चाळीस किलोच्या माणसाला दोन किलो. दोन किलो वजन ही गोष्ट केवढी असते ते मला वहीत ७७५ लिहिताना कळत नव्हतं, पण जोडीने जाणाऱ्या पोरांना कळू लागलं. त्यांनी स्वतःहून एक वजनकाटा विकत घेतला.

पहिल्याच महिन्यात आणखी एक गोष्ट कळली. एकाची टोपली पाच जण खातात. आजारी बापाच्या ताटात अंडं आणि समोर बसलेल्या दोन पोरांच्या ताटात नाही, असं कुठल्या घरात चालतं? झारखंडातही घरातल्या प्रत्येकाला वेगळा वाटा होता, तो उगीच नव्हता. आम्हाला तेवढं झेपलं नाही. घरासाठी म्हणून महिन्याला दोन किलो डाळ वर टाकायला लागलो, ३०० रुपये.

घरोघरचे किस्से पुष्कळ आहेत. एका घरी अंडी चालेनात. सासरे माळकरी, आषाढीला पायी जाणारे. तिथे अंड्यांऐवजी गूळ आणि चणे गेले. तिसऱ्या महिन्यात म्हाताऱ्यांनीच आमच्या पोरांना विचारलं, "तुम्ही येता, ठेवता, जाता. काही म्हणत नाही का देवाचं?" पोरं गोंधळली, नियम आठवून. मग म्हाताऱ्यांनीच भिंतीवरचे टाळ काढले. आमचीही भजनं टाळ-मृदुंगावरच चालतात, त्यामुळे ताल जमला, शब्द ज्याचे त्याचे.

एका बाईने घरी यायला मना केलं. घरमालकाला कळलं तर खोली जाईल. तिची टोपली सहा महिने कळवा स्टेशनबाहेर, भाजीवालीच्या शेजारी, भाजीच्या पिशवीसारखी हातात दिली गेली. एका मुलीच्या गोळ्या मधेच दोनवरून तीन झाल्या आणि आई घाबरून रडायला लागली, आजार वाढला म्हणून. उलट होतं. टीबीच्या गोळ्या वजनाच्या गटावर ठरतात. मुलगी तेहतीस किलोवरून एकोणचाळीसवर गेली होती, गट बदलला. सिस्टरने फोनवर समजावलं आणि फोन ठेवल्यावर स्वतःच थोडा वेळ गप्प बसली.

माझ्या वाट्याला आलं ते बँकेचं. रुग्णाला पोषणासाठी सरकारकडून थेट खात्यात पैसे येतात. तेव्हा महिन्याला ५०० होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. सातांपैकी तिघांचे येतच नव्हते. एकाचं खातं व्यवहार नसल्यामुळे निष्क्रिय, दुसऱ्याचं आधारला जोडलेलं नाही, तिसरीचं नाव आधारवर माहेरचं आणि पासबुकावर सासरचं. त्यांचे कागद मी पाहिले, म्हणून नावं कळली. क्रमांक सिस्टरने सांगितले नाहीत, मी विचारले नाहीत. तीन अर्ज, चार हेलपाटे, आणि पैसे सुरू झाले. पिशव्यांचं वाटप करताना माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीचा असा उपयोग कधी झाला नव्हता.

काय जमलं, काय नाही

सात टोपल्यांपैकी पाच जणांचे उपचार पूर्ण झाले. एक कुटुंब दुसऱ्या महिन्यानंतर जालन्याकडे गावी गेलं. निक्षयच्या, म्हणजे सरकारी टीबी नोंदणीच्या, क्रमांकावर त्याची औषधं तिकडे सुरू राहिली, टोपली मात्र सुटली. तिकडच्या कुठल्या मंडळीला कळवायचं म्हटलं तर पुन्हा नाव सांगणं आलं. ते गणित आम्हाला अजून सुटलेलं नाही. एक गृहस्थ तिसऱ्या महिन्यात गेले. फार उशिरा केंद्रात आले होते, साखर होती, दारूही होती. त्यांच्याकडे जाणारी आमची दोन पोरं स्मशानात मागे उभी राहिली. परत येऊन त्यातला एक म्हणाला, मी यापुढे येत नाही. तो आलाही नाही. त्याला कुणी बोल लावला नाही.

सगळ्या मिळून ३३ टोपल्या गेल्या: २५,५७५ रुपये. घरच्या डाळीचे ९,९००. एकूण ३५,४७५. टेम्पो नाही, छपाई नाही. पोरांनी डोंगर चढून फोडलेल्या अंड्यांचा हिशेब ठेवलेला नाही.

तरुण संघाला हे सगळं रुचलं असं म्हणणार नाही. साठ पिशव्यांच्या दिवशी चाळीस पोरं यायची, गाणी म्हणायची, नवीन मुलं त्यातून मंडळीत रुळायची. टोपलीला बारा माणसं पुरतात आणि त्यात गाण्याजोगं काही नाही. २०२४ च्या नाताळाला त्यांनी वीस पिशव्यांचा आग्रह धरला. पंचांनी मान्य केलं, पण यादी उतारावरच्या त्या दोघींनी करायची आणि पिशवी घरपोच, अशा अटीवर. त्या यादीत म्हातारीचं नाव होतं. फ्लेक्स वस्त्रखोलीत गुंडाळून ठेवलाय, पावसाळ्यात बाजाच्या पेटीवर गळतं तेव्हा कामी येतो.

वहिनी सहाव्या रविवारी परत आल्या, तिसऱ्या बाकावर. मला सलाम केला, नेहमीसारखा. मी त्यांची माफी मागितली ती पुष्कळ नंतर, आणि वाईट रीतीने, जिन्यात, दोघींच्या हातात खुर्च्या असताना. त्या म्हणाल्या, "खुर्च्या ठेवू आधी." त्यांच्या मुलाला टोपली मिळाली का, कुठल्या क्रमांकाची, हे मी आजही विचारलेलं नाही. ३३ चा हिशेब करताना अंदाज येतो. तो मी करत नाही, एवढंच. हे वाचून दाखवलं तेव्हा वहिनी हसल्या आणि म्हणाल्या, करायचा तर करा.

नोव्हेंबर २०२४ ला कापणीचा सण झाला. गॅलरीवाल्या बाईंचा दुधी त्याही वर्षी आला, मागच्यापेक्षा बुटका. कंडक्टरने पन्नासपासून बोली सुरू केली. बायकांच्या बाजूने मागून आवाज आला, "साठ." वहिनी होत्या. आजवर त्यांनी कधी बोली लावली नव्हती. मला वाटलं, आता सगळे गप्प बसतील, साठाला दुधी त्यांचा होईल. तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेली सिस्टर ओरडली, "ऐंशी!" मी तिचा पदर ओढला. तिने पदर सोडवून घेतला. नव्वद, शंभर, एकशे वीस, एकशे चाळीस. एकशे पन्नासला वहिनींवर बोली थांबली. एकवार, दोनवार, तीनवार.

"काय हे," मी सिस्टरला म्हटलं.

"दुधी चांगला होता गं," ती म्हणाली.

वहिनी टेबलाशी आल्या. शंभराची एक आणि पन्नासाची एक नोट. मी पावती फाडली, लिलावाची वही त्यांच्यापुढे सरकवली, सहीच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि पुढच्या माणसाला हाक मारायला वळले. वळून पाहिलं तेव्हा सही झाली होती आणि दुधी त्यांच्या काखेत होता. मी पान उलटलं.